रंगनाथमामांची माळ

माझे मामा रंगनाथ मानवतच्या आडतीवर मापाडी होते. चहाशिवाय त्यांना कसलं व्यसन नव्हतं. तरी गावानं त्यांना दारुडा ठरवून वाटेला लावलं. हा राग मी गिळणार नाही.

मामा माळकरी. गावच्या भजनी मंडळात टाळ धरायचे. त्र्याऐंशीच्या दिवाळीनंतर त्यांचा टाळ चुकायला लागला. हात मध्येच उडायचा. मग पाय अडखळू लागले, ऐन अभंगात शब्द हरवू लागले. मंडळाचे प्रमुख किशनराव यांना एवढं पुरलं. तोंडाला वास येतो का, हेसुद्धा न बघता त्यांनी भर देवळात मामांच्या गळ्यातली माळ काढली आणि कोनाड्यात ठेवून दिली. पिणाऱ्याच्या गळ्यात माळ शोभत नाही, म्हणाले. उचलली जीभ, लावली टाळ्याला! मामांना उत्तर द्यायला शब्दच सापडेना. होळीच्या आत ते गेले. माळकऱ्याला टाळमृदंगात नेतात. मामांना चौघांनी मुकाट नेलं. पुढं सात वर्षं सरजामामी हापशावर गेली की बाया ‘दारुड्याची आली’ म्हणून कुजबुजायच्या.

मग औरंगाबादहून एक डॉक्टर आले. चालणं-बोलणं जाऊन काही महिन्यांतच मेलेल्या माणसांची ते गावोगाव चौकशी करत होते. मेंदूचा एक दुर्मिळ आजार डॉक्टरांच्याही नजरेतून सुटला असावा, असा त्यांना संशय होता. मामीनं उडणाऱ्या हातापासून सगळं सांगितलं. त्यांनी उलटसुलट विचारून घेतलं. शेवटी म्हणाले, आता खात्री देता येणार नाही, पण लक्षणं त्याच आजाराची दिसतात. त्याला औषध नाही. आणि दारूचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मामीनं त्यांना तसंच उठवून देवळात नेलं. भजनाला जमलेल्या मंडळासमोर हेच पुन्हा सांगायला लावलं. झालं गेलं गंगेला मिळालं, असं किशनराव म्हणाले. म्हणायला काय जातं? मग त्यांनी कोनाड्यात धूळ खात पडलेली माळ काढली, धोतराच्या सोग्यानं पुसली आणि मामीपुढं धरली.

मामीनं हात पुढं केला नाही.

“माझ्याकडं नका देऊ,” ती म्हणाली. “तुमी त्यायच्या गळ्यातून काढली व्हती. त्यायच्याच गळ्यात घाला.”