सुतकातला नाताळ

रूथचा फोन आला तेव्हा मी मोरीत भांडी घासत होते. फोन सासूबाईंनी उचलला. त्यांना हल्ली कमी ऐकू येतं. "कोन? मोठ्यानं बोल गो," असं दोन-तीनदा म्हणाल्या. मी हात पुसत बाहेर आले, तर रिसीव्हर त्यांच्या मांडीत होता आणि त्यातून रूथचा बारीक आवाज येतच होता. "मार्था गेली," सासूबाई म्हणाल्या. "झोपंतच गेली म्हनतंय पोर." मग पदर डोक्यावरून घेऊन त्या भिंतीला टेकून बसल्या... घरातलं माणूस गेल्यावर बसतात तशा.

मार्थाबाई आमच्या नात्याच्या नव्हत्या, जातीच्या नव्हत्या, धर्माच्याही नव्हत्या. रोह्यात आमच्या चाळीच्या तळमजल्यावरची पहिली खोली त्यांची. दिवाळी झाल्यावर त्या मुलीकडे, म्हणजे रूथकडे, पुण्याला गेल्या, तेव्हा मला बजावून गेल्या होत्या, "नाताळाला मी इथंच असणार हं सुनंदा, दारापुढचं झाडून ठेव." मी झाडून ठेवणारच होते. आता काही आठवडे लोटलेत, नाताळ तोंडावर आलाय, आणि त्यांच्याबद्दल काही लिहावं असं मनात आल्यापासून मला पुन्हापुन्हा आठवतो तो एकच नाताळ. चाळीतल्या कुणाच्याच घरात धड काही नव्हतं, त्या वर्षीचा.

मी पेणची. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणतो, गणपतीचे कारखानदार. लग्न होऊन रोह्याला आले तेव्हा ख्रिस्ती माणूस इतक्या जवळून मी पाहिलेलं नव्हतं. मार्थाबाई मूळच्या नगरकडच्या. यजमान सॅम्युअलभाऊ धाटावच्या एका रंगाच्या कंपनीत ऑपरेटर. माझे मिस्टर, प्रकाश, त्यांच्याच हाताखाली काम शिकले. मार्थाबाई घरी शिवणकाम करायच्या आणि सबंध चाळीची पोलकी शिवायला त्यांच्याकडेच असायची. रोह्यात त्यांच्या पंथाचं देऊळ, म्हणजे चर्च, नव्हतं. महिन्यातून एकदा त्यांचे धर्मगुरू, पाळक, यायचे आणि धाटावातली तीन-चार ख्रिस्ती कुटुंबं त्यांच्या खोलीत प्रार्थनेला जमायची. मला वाटलं होतं, ह्यांचा सण म्हणजे केक असेल, इंग्रजी गाणी असतील. पण माझ्या पहिल्याच नाताळाला त्यांनी भरलेलं ताट आणलं ते करंज्यांचं, चकल्यांचं आणि शंकरपाळ्यांचं. "अगो बाई, ही तर आपली दिवाळीच," मी म्हणाले. "मग? आम्ही काय विलायतेहून आलोय का?" त्या म्हणाल्या. बाहेर गॅलरीत सॅम्युअलभाऊ आणि प्रकाश बांबूच्या कामट्यांवर पतंगाचा कागद खळीनं चिकटवत बसले होते. पाच टोकांची मोठी चांदणी करायचे ते. रात्री तिच्यात बल्ब लावला की स्टेशनकडून येणाऱ्यालाही आमची चाळ ओळखू यायची.

मग ते वर्ष आलं. उन्हाळ्यात कंपनी बंद पडली. आज उघडेल, उद्या उघडेल म्हणत माणसं शिफ्टच्या वेळेला डबा घेऊन गेटवर जाऊन बसायची. पावसाळ्यात डबा न्यायचं थांबलं, मग जाणंही थांबलं. श्रावणात कुंडलिका नदीचं पाणी चाळीत शिरलं. तळमजल्यावर गुडघाभर चढलं. मार्थाबाईंची शिवणयंत्राची पेटी आम्ही वर उचलून नेली, पण पलंगाखालच्या खोक्यात त्यांचा गव्हाणीचा देखावा होता, त्याची कुणालाच आठवण राहिली नाही. मरिया, योसेफ, बाळ येशू, मेंढ्या... कच्च्या मातीच्या मूर्ती त्या, आमच्या पेणकडे त्यांना चित्रं म्हणतात. पाणी ओसरल्यावर खोक्यात नुसता चिखल निघाला. सॅम्युअलभाऊ हसून म्हणाले, "माती मातीला मिळाली. नवीन करू." पुढच्याच आठवड्यात ते कोलाडला हायवेवरच्या एका हॉटेलात कामाला लागले. दहा माणसांवर हुकूम चालवणारा ऑपरेटर ट्रकवाल्यांना चहा द्यायला उभा राहिला आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. "तिकडं रंग ढवळत होतो, इकडं चहा ढवळतो," म्हणायचे. नवरात्रात एका दुपारी ते हॉटेलच्या बाकावर जरा टेकले, ते उठलेच नाहीत.

मार्थाबाई दफनाच्या दिवशी रडल्या नाहीत. तेव्हा तेरा-चौदा वर्षांच्या असलेल्या रूथला त्यांनी घट्ट धरलं होतं. ती दिवाळी आली तशी गेली. चाळीत चार पणत्या लागल्या असतील. प्रकाशनी तर बाहेर पडणंच सोडलं होतं. दाढी वाढलेली, दिवसभर भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. हाक मारली तर 'हं' म्हणायचे. जेवायला बसले की ताटातलं अर्धं माझ्याकडे सारायचे, मला आता भूक राहिली नाही म्हणायचे. हे माणूस मला आतल्या आत सुटत चाललंय, असं वाटून मी घाबरले होते. सांगणार कुणाला?

डिसेंबर लागला तेव्हा मार्थाबाई गॅलरीत येऊन सासूबाईंना म्हणाल्या, "काकी, नाताळ करतेय हं मी. सगळ्यांनी यायचं."

सासूबाई तांदूळ निवडत होत्या. त्यांनी सूप खाली ठेवलं. "काय बोलतंस गो? नवऱ्याला जाऊन तीन म्हयने नाय झाले. वरीसभर सण नाय करायचा. लोक काय म्हनतील?"

"आमच्यात सुतक नसतं, काकी."

"तुमच्यात नसंल. दुख तर असतंय ना?"

मला वाटलं, आता वाद होणार. पण मार्थाबाई सासूबाईंच्या शेजारी खाली बसल्या आणि सुपातले खडे वेचू लागल्या. एक खडा बाजूला टाकून म्हणाल्या, "असतंय ना. दुःख असतंय म्हणूनच. काकी, तो जन्मला तेव्हा तरी काय होतं? परगाव, बाई दिवस भरलेली, आणि कुणी दारात उभं करीना. शेवटी गोठ्यात बाळंत झाली. घर भरलेलं असताना कुणीही करील हो नाताळ. तो आला तो असल्याच दिवसांत. ह्या वर्षी मी दार लावून बसले, तर इतकी वर्षं केलं ते सगळं नुसतं खाण्यापिण्यासाठी होतं, असं नाही का होणार?"

सासूबाईंनी सूप उचललं आणि त्या आत निघून गेल्या. त्यांना काही ते पटलं नव्हतं. मला म्हणाल्या, "तू नाय जायाचंस." पण दोनच दिवसांनी मार्थाबाईंनी मला पेणला येतेस का विचारलं, तेव्हा त्यांनी अडवलं नाही.

आम्ही एसटीनं पेणला गेलो. कारखान्यात थंडीचे दिवस म्हणजे साच्यांचं काम. अण्णा गुडघ्यापर्यंत धोतर खोचून माती मळत होते. मार्थाबाईंनी त्यांना काय हवं ते सांगितलं. अण्णा अवघडले. "बाय, मी उभ्या जन्मात एकच देव घडवला. तुमच्या देवाचं माप मला ठावं नाय."

"माप कसलं अण्णा," मार्थाबाई म्हणाल्या. "नुकतं जन्मलेलं पोर आहे. आई दमलेली आहे. बापाला काळजी लागलीय. असली माणसं तुम्ही पाहिलीत की."

अण्णांनी मळायचं थांबवलं. मग म्हणाले, "व्हय. तसली तर लय बघितली."

आठ-दहा दिवसांनी आम्ही आणायला गेलो. अण्णांनी चित्रं फळीवर मांडून वर फडकं टाकलं होतं. ते काढलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मरिया नऊवारी नेसलेली. योसेफाला चांगल्या झुबकेदार मिशा आणि डोक्याला मुंडासं. आणि बाळ येशू... अण्णा कान धरून म्हणाले, "बाय, बाळाचं प्वाट जरा मोटं झालं. हाताला सवय तीच."

मार्थाबाईंनी बाळ तळहातावर घेतलं. त्या गोल पोटाकडे पाहिलं. आणि हसायला लागल्या. आधी ओठातल्या ओठात, मग डोळ्यांना पाणी येईपर्यंत, मग कारखान्यातल्या रिकाम्या पाटावर बसून पदर तोंडात धरून. सॅम्युअलभाऊ गेल्यावर मी त्यांना हसताना प्रथमच बघत होते. अण्णाही हसत होते, मीही हसत होते, आणि हसता हसता मार्थाबाई कधी रडायला लागल्या ते आम्हा दोघांनाही कळलं नाही. अण्णांनी माती मळलेल्या हातांनीच त्यांच्यापुढे पाण्याचा तांब्या ठेवला. "ह्यालाच नेते," शेवटी डोळे पुसत त्या म्हणाल्या. "खात्यापित्या घरचा वाटतोय. चांगलंय की, ह्या वर्षी कुणीतरी वाटायलाच हवं."

परत आल्यावर त्या सरळ आमच्या खोलीत आल्या. प्रकाश पडूनच होते. मार्थाबाई दारातूनच म्हणाल्या, "प्रकाशभाऊ, चांदणी करायचीय."

प्रकाशनी पांघरूण डोक्यावरून ओढलं.

"ह्यांच्याबरोबर कामट्या तुम्हीच बांधायचात. मला त्या गाठी येत नाहीत. तुम्ही नाही म्हणालात तर ह्या वर्षी चांदणी नाही." एवढं बोलून त्या गेल्या. विनवणी नाही, समजूत नाही. संध्याकाळ झाली तेव्हा प्रकाश उठून बसले. म्हणाले, "कोयता कुठाय गो आपला?" आणि बांबू आणायला बाहेर पडले. कितीतरी दिवसांनी घराचा उंबरा ओलांडला त्यांनी. दुसऱ्या दिवशी गॅलरीत कंपनीतली आणखी दोघं-तिघं येऊन बसली. कुणी खळ शिजवली, कुणी कागद कापले, चुकलं की एकमेकांना शिव्या दिल्या. चांदणी एका टोकाला वाकडीच झाली. पण त्या रात्री प्रकाशनी ताटातलं सगळं अन्न संपवलं, आणि वर भात मागितला.

नाताळाच्या आदल्या संध्याकाळी मार्थाबाईंच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. कोपऱ्यात गवत अंथरून अण्णांची मरिया आणि योसेफ मांडले होते. धाटावची कुटुंबं आली होती, चाळीतली बरीच माणसं आली होती, आत मावेनात म्हणून बाहेर उभी होती. रूथनं बायबलमधलं वाचन केलं. तिचा आवाज मध्येच अडला, तेव्हा मार्थाबाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला आणि पुढचं स्वतः पाठ म्हटलं. मग गाणं झालं. मार्थाबाई म्हणाल्या, "ह्या वर्षी नुसता चहा आहे बरं का. फराळ काही जमला नाही." चहाचे कप फिरायला लागले.

तेवढ्यात दारातली माणसं बाजूला झाली. सासूबाई आल्या होत्या. हातात परात, तिच्यावर धुतलेलं पातळ झाकलेलं. मला काहीच माहीत नव्हतं. शेजारच्या आळीतल्या माझ्या नणंदेकडे बसून त्यांनी दुपारभर तळलं होतं. पातळ बाजूला केलं तर आत करंज्या. चाळीस माणसांना पुरतील एवढ्या. मार्थाबाई उठून उभ्या राहिल्या.

"बगतंस काय?" सासूबाई म्हणाल्या. "ज्याच्या घरात मानूस ग्येलंय, त्यानं फराळ करायचा नसतो. शेजाऱ्यांनी द्यायचा असतो. आमच्यात तसंच हाय." मग कोपऱ्यातल्या चित्रांकडे बघून माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या, "बापाच्या मिशा तुझ्या अण्णासारख्याच हायेत गो."

पुढं दिवस फार लवकर पालटले असं नाही. प्रकाशना नागोठण्याला ठेकेदाराकडे काम मिळालं. आमची कंपनी वर्षभरानं दुसऱ्याच मालकानं उघडली, थोड्यांना परत घेतलं, बाकीचे पांगले. मार्थाबाईंनी शाळांचे गणवेश शिवून रूथला नर्सिंगला घातलं. नाताळाच्या करंज्या मात्र त्यानंतर दर वर्षी दोघी मिळून करायच्या, सासूबाई आणि त्या, आणि सारणात गूळ किती यावरून दर वर्षी भांडायच्या.

मागच्या रविवारी रूथ येऊन गेली. सामान एवढ्यात हलवणार नाही म्हणाली. जाताना किल्ली माझ्या हातात दिली. ती कशाला हे मला त्या संध्याकाळी कळलं. आमच्या जिन्यावरच्या दिव्याचं बटण मार्थाबाईंच्या खोलीत आहे. मालकानं कधीकाळी वायर तशीच ओढलेली. रोज तिन्हीसांजेला तो दिवा त्या लावायच्या आणि सेकंड शिफ्टचा शेवटचा माणूस वर गेला की मालवायच्या. पाऊल वाजलं की आतूनच सांभाळून चढायला सांगायच्या, आणि चढणारा 'व्हय, बाई' म्हणायचा. इतकी वर्षं तो दिवा लागतो, एवढंच आम्हाला ठाऊक. त्या पुण्याला गेल्यापासून जिना अंधारात होता, तेव्हा बल्ब गेला असेल असंच आम्ही म्हणत होतो. आता मी जाते. कुलूप काढते. आत त्यांच्या शिवणयंत्राच्या तेलाचा वास अजून आहे. काल बटण दाबून मी पलंगाच्या कडेला जरा टेकले होते. बाहेर कुणीतरी दमल्या पावलांनी जिना चढू लागलं, आणि मी काही ठरवायच्या आतच माझ्या तोंडून निघालं, "सावकाश रे बाबा, पायरी बघून..."

पावलं क्षणभर थांबली. मग वरून आवाज आला, "व्हय, बाई."