मेहुण्याच्या दारावरची नोटीस

नगरपालिकेत त्यांना सगळे ठकठकसाहेब म्हणत. धोकादायक इमारती तपासणं हे त्यांचं काम. लहानशी हातोडी घेऊन खांब ठोकायचे आणि कान देऊन ऐकायचे. पोकळ वाजलं की चेहरा पडायचा. भाडेकरू हात जोडायचे, काही शिव्या घालायचे. साहेब निमूट ऐकून घ्यायचे, पण नोटीस मागे घ्यायचे नाहीत.

एका वर्षी यादीत त्यांचा मेहुणा भाड्याने राहायचा ती इमारत आली. तळमजल्यावर मेहुण्याचं शिवणयंत्र दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्यांत तो एकटाच. जिन्याखालचा खांब आतून गेला होता. परक्या माणसाने जाण्यापेक्षा आपण गेलेलं बरं, म्हणून कागद चिकटवायला साहेब स्वतः गेले. मेहुणा मागे उभा राहून बघत होता.

"दाजी, आता चहा घेऊनच जा," एवढंच म्हणाला.

महिन्याभरात त्याने खोल्या सोडल्या. गावाच्या दुसऱ्या टोकाला भाड्याने जागा घेतली. तिथे गिऱ्हाईक फिरकेना. बहिणीकडे येणं बंद झालं. फोन केला की, "कामात आहे गं." दोन वर्षांनी छातीत कफ साठल्याचं निमित्त झालं आणि तो गेला.

इमारत मात्र उभीच. मालकांचा वाद कोर्टात अडकलेला. ऑफिसात कुणीतरी चिमटा काढायचंच, "साहेब, तुमची इमारत काही पडायचं नाव घेत नाही." साहेब हसल्यासारखं करायचे.

ते निवृत्त झाल्यावर ती पाडायला घेतली. अकरा दिवस लागले. साहेब रोज जाऊन समोरच्या फुटपाथवर उभे राहायचे. शेवटी तो खांब फुटला, तेव्हा आतल्या सळयांचा नुसता भुगा निघाला.

घरी येऊन त्यांनी बायकोला सांगितलं. ती कपड्यांच्या घड्या घालत होती.

"तुमच्यावर माझा कधीच संशय नव्हता," ती म्हणाली. "पण कागद लावायला दुसऱ्या कुणाला पाठवलं असतंत, तर दादा रडायला माझ्याकडे आला असता."

"मला वाटलं, आपल्या माणसाने गेलेलं बरं."

"तेच त्याला लागलं."

हातातली घडी तिने ढिगावर ठेवली. मग तिने विचारलं, "वरच्या खोलीचा निळा रंग होता का हो अजून? मीच निवडून दिला होता."

"होता," साहेब म्हणाले. "दुसऱ्या दिवशी पाडली ती भिंत."