तांदळातला ऋ

तुझ्या पदवीदानाला मी का आले नाही, याचं खरं कारण तुला कोणी सांगितलेलं नाही. "आजीचे कागद अडकले," एवढंच तुझ्या बाबाने सांगितलं असणार. कागद अडकले नव्हते. मी अडकले होते, तेही हट्टाने.

माझं नाव इथे लिहीत नाही. तुला ते पाठ आहे, आणि फोनवर लिहिलं तर फोन त्याचा 'ऋतू' करतो. माझ्या वडिलांनी शब्दकोश चाळून ते काढलं. सुरुवातीलाच ऋ. आजवर या नावाची दुसरी बाई मला भेटलेली नाही.

लग्नात सासूबाईंनी माझ्यासाठी सोपं नाव ठरवलं होतं. ताटात तांदूळ पसरून तुझ्या आजोबांच्या हातात अंगठी दिली, आणि ते नवीन नाव साफ विसरले. मग त्यांनी जुनंच लिहिलं, ऋच्या वळणासकट, बिनचूक. सासरी माझं नाव पहिल्या फटक्यात बरोबर लिहिलेला तो एकमेव दस्तऐवज. दुसऱ्या दिवशी त्याचा भात झाला.

त्यानंतर उतरती कळा. भांड्यांवर नाव घालणारा म्हणाला, "बाई, मशीन ऋवर घसरतं," आणि रु कोरून मोकळा झाला. रेशनकार्डावर हृ आला, जणू मी हृदयविकार आहे. लग्नपत्रिका पाठवणारे हुशार निघाले. ते यजमानांचं नाव घालून पुढे 'आणि परिवार' लिहीत. चाळीस वर्षं मी परिवार होते.

इंग्रजीत तर कहरच. माझ्या शाळेच्या दाखल्यावर ऋसाठी आर यू आहे, कारण आपण रु म्हणतो. पण मुंबईत प्रत्येक खिडकीमागे हिंदी बसलेली, ती रि म्हणते. तीन ओळखपत्रांवर आर आय झालं, आणि मी एकदाही तक्रार केली नाही. ही माझी चूक, लिहून ठेवते.

तुझ्यासाठी मी आयुष्यातला पहिला पासपोर्ट काढायला गेले. खिडकीवरच्या मुलीने माझी फाइल चाळली. मी कागदांना लावलेल्या खुणेच्या चिठ्ठ्या पाहून ती जरा खूशही झाली.

"आजी, तीन कागदांवर आय आहे. तेच नाव घ्या ना. पटकन होऊन जाईल."

"पण ते माझं नाव नाही."

"मग तिन्ही बदला. टाइम लागेल हां."

तुझ्या बाबाला फोन केला. तो म्हणाला, "आई, घे ना यार तेच! एका अक्षराचा प्रश्न आहे."

"तुझ्या नावात तीनच अक्षरं आहेत. त्यातलं एक काढून सही करून दाखव."

"तिचा कार्यक्रम चुकेल, आई."

ते मला ठाऊक होतं. तरी मी तिन्ही बदलायला घेतले. मुलुंड स्टेशनजवळच्या नोटरीकडे प्रतिज्ञापत्र करायला गेले, की ही आणि ती बाई एकच. त्याच्या टायपिस्टने माझ्या खऱ्या नावात एक एच घातला.

"काका, चूक दुरुस्त करायच्या कागदातच चूक?"

"मॅडम, अर्थ कळतो ना?"

"अर्थ माझ्या वडिलांना कळला होता. तुम्ही फक्त अक्षरं लिहा."

त्याने पुन्हा टाइप केलं. त्यात आठवडा गेला. बाकीच्या खिडक्यांनी महिने खाल्ले.

तू काळा झगा घालून टोपी उडवलीस, ते मी फोनवर पाहिलं. पासपोर्ट त्यानंतर अकरा दिवसांनी आला. नाव बरोबर आहे. मी ते तीनदा वाचलं आणि मग रडले. त्यातलं किती नावासाठी आणि किती तुझ्यासाठी, ते मला वेगळं काढता आलं नाही.

आता व्हिसाचा अर्ज भरतेय. त्यात विचारलंय, आपण पूर्वी इतर कोणत्या नावांनी ओळखल्या जात होता काय? चौकट दोन ओळींची आहे. मी स्वतंत्र कागद जोडला आहे.