सुंदराची मुंडी

ती घटना आठवली की आजही मी एकटाच हसतो, आणि मी हसलो की आतून बायको विचारते, "पुन्हा सुंदरा का?" निवृत्त होऊन आता काही वर्षे झाली. नोकरीत खून पाहिले, दरोडे पाहिले, मंत्र्यांचे बंदोबस्त केले. त्यातले बरेच विसरून गेलो. हे प्रकरण मात्र शब्दन्‌शब्द लक्षात आहे, आणि गंमत म्हणजे यात गुन्हाच घडलेला नव्हता. कोणाची नावे देणार नाही. एकच नाव द्यावे लागेल, कारण सगळे प्रकरण त्या नावावरच उभे आहे. तेही मी बदलले आहे.

पालघर तालुक्यात किनाऱ्याकडच्या एका ठाण्याचा मी तेव्हा प्रभारी होतो. शनिवार-रविवार केळव्याला पर्यटकांची झुंबड उडायची. सोमवारी ठाण्यात सामसूम. अशाच एका सोमवारी सकाळची हजेरी आटोपली, ड्यूट्या वाटून झाल्या, चहा यायचा होता, आणि माझा मोबाईल वाजला.

फोन बोईसरहून होता. तिथल्या औद्योगिक वसाहतीबाहेर चहाची टपरी चालवणारा हा गृहस्थ माझा जुना खबऱ्या. मी बोईसरला असताना त्याने दिलेल्या दोन खबरी अगदी पक्क्या निघाल्या होत्या, त्यामुळे तिसरीवर शंका घ्यायचे काही कारण नव्हते.

"साहब, मर्डर है," तो कुजबुजला. "एक आदमी चाय पीने बैठा था, पैर के पास गोनी. गोनी से काला-काला टपक रहा था. फोन पे मराठी में बोल रहा था. मैंने सब याद रखा है."

पंधरा वर्षे बोईसरमध्ये काढलेला माणूस. त्याने ते मराठी बोलणे मला जसेच्या तसे ऐकवले: "सुंदराची मुंडी उतरवली, बोईसरला घेऊन आलोय. बॉडी वाडीतच राहू दे, वर ताडपत्री टाका. वहिनीच्या कानावर जाता कामा नाय."

"वाडी कुठली?" मी विचारले.

"माकुणसार बोला, साहब."

पोलिसाच्या कानाला 'बॉडी' या शब्दाचा एकच अर्थ कळतो. मी स्टेशन डायरीला नोंद घ्यायला सांगितली, वरिष्ठांना फोन केला, बोईसरच्या सहकारी अधिकाऱ्याला गोणीवाल्याचे वर्णन देऊन त्याला शोधायला सांगितले. दोन पंच, एक हवालदार आणि एक महिला शिपाई अशी मंडळी जीपमध्ये कोंबून माकुणसार गाठले. चहा राहिला तो राहिलाच.

कोणत्याही घरात शिरण्यापूर्वी शेजारी विचारावे, ही माझी जुनी सवय. शेजारच्या वाडीत एक म्हाताऱ्या बाई झावळ्या ओढत होत्या. सुंदराचे नाव काढताच त्यांनी झावळी खाली टाकली.

"चार दिस झाले, घरची बाय दिसली नाय," त्या म्हणाल्या. "गुरवारी दोगांचं लय वाजलं. 'या घरात सुंदरा राहील नायतर मी राहीन,' असं ओरडली. मी माज्या कानानं ऐकलं."

"आणि सुंदरा? ती कशी होती?"

"कशी म्हंजे? आदी बरी होती. मागून लय खोकायला लागली. चढ आला का दम लागायचा. धुरानं सगळ्यांचे डोले जायचे."

शेवटच्या वाक्याचा अर्थ मला लागला नाही, पण बाकीचे चित्र स्वच्छ झाले. घरात दोन बायका. एक आजारी. दुसरी गायब. हवालदाराने माझ्याकडे पाहून मान हलवली. तीस वर्षांच्या नोकरीचा अनुभव माणसाला शहाणा करतो असे म्हणतात. मला विचाराल तर तो कधी कधी फक्त घाई शिकवतो.

वाडीचा मालक ओटीवरच बसला होता. पन्नाशीचा, बनियन आणि हाफ पँट, हातांना काळे तेल. माड, सुपारी, थोडी केळी, आणि शनिवार-रविवारी केळव्याच्या किनाऱ्यावर शहाळी पोचवणे हा त्याचा धंदा. जीप पाहून तो उभा राहिला आणि त्याचा चेहराच उतरला.

"साहेब, तुमच्यापरेंत गेलं? तिला तर नाय ना कोणी बोललं?"

गुन्हेगार पहिल्या वाक्यात जे बोलतो ते लिहून घ्यावे, असे आम्हाला प्रशिक्षणात शिकवतात. हवालदाराने वही उघडली.

"मुंडी कोणी उतरवली?" मी सरळ विचारले.

"मेस्त्रीनं. पन मीच सांगितलं, मी खोटं कशाला बोलू? दुसरा विलाजच नव्हता. रोज तापायची, साहेब. कितीबी पाणी पाजा, मैलभर गेली का परत ताप."

"दवाखान्यात नेले नाही?"

तो गोंधळला. "नाय... मेस्त्रीलाच घरी बोलावला."

महिला शिपाई पुटपुटली, "काय माणूस आहे!" मी तिला नजरेने गप्प केले.

"सुंदरा तुमची कोण?"

आता तो चक्क लाजला. पन्नाशीचा माणूस, खाली बघून पायाच्या अंगठ्याने सारवलेली जमीन उकरायला लागला. "कसं सांगू... सुंदरा म्हंजे आमच्या मंडळींचं माहेरचं नाव."

हवालदाराचे पेन थांबले. दोन बायका नव्हत्याच तर. सुंदरा म्हणजेच त्याची बायको, आणि ती चार दिवसांपासून कोणाला दिसलेली नव्हती. मग गुरुवारी सुंदराच्या नावाने ओरडली कोण, हा प्रश्न घाईत मला पडलाच नाही.

"बॉडी कुठे आहे?" माझा आवाज चढला होता.

"मागं, माडाखाली. या ना, दाखवतो."

आणि तो पुढे चालू लागला. इथे माझ्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली. प्रेताकडे नेणारा आरोपी पाय ओढत चालतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. हा गडी पाहुण्यांना वाडी दाखवायला निघाल्यासारखा चालला होता. वाटेत त्याने आम्हाला 'पाट हाय, जपून' असेही सांगितले.

माडाखाली निळी ताडपत्री होती. त्याने ती ओढली. खाली एक पिकअप गाडी उभी होती. बॉनेट उघडे, आतली इंजिनाची जागा निम्मी रिकामी, आणि काचेवर पिवळ्या वळणदार अक्षरांत लिहिलेले: सुंदरा.

कोणी काही बोलायच्या आत माझा मोबाईल वाजला. बोईसरचा सहकारी होता. "सर, मुंडी मिळाली. लेथच्या कारखान्यात टेबलावर आहे. आठ व्हॉल्व्ह आहेत. इन्क्वेस्ट पंचनामा भरू का?"

पुढची पाच मिनिटे त्या वाडीत पोलीस खात्याची शिस्त राहिली नाही, हे मी मान्य करतो. हवालदार हसता हसता खाली बसला. मालकाला आधी काही कळेना. कळले तेव्हा तोही हसला, आणि मग खून आपल्या नावावर लागणार होता हे ध्यानात येऊन घटाघटा तांब्याभर पाणी प्यायला. इंजिनाचे हेड तापून वाकडे झाले होते. ते लेथवर सपाट करून आणायला मेस्त्री बोईसरला गेला होता. हेडला तो मुंडी म्हणायचा आणि बाकीच्या गाडीला बॉडी. काळे गळत होते ते ऑइल.

मग त्या गाडीची कुंडली निघाली. ही जुनीच विकत घेतलेली. पहिल्या वर्षी क्लच गेला. मग गिअरबॉक्स उतरला, तो दोनदा. मग रेडिएटर, मग मागचे हाउसिंग, मग इंजिन अर्धे बांधले. आता मुंडी. दर दुरुस्तीनंतर मेस्त्री म्हणायचा, 'आता बघायला नको,' आणि पंधरा दिवसांनी पुन्हा बघायला यायचा.

"मूळच्या गाडीतले आता राहिले काय?" मी विचारले.

त्याने प्रामाणिकपणे विचार केला. "हॉर्न, साहेब. आनि नाव."

हसून झाले तरी काम संपले नव्हते. सुंदरा सापडली होती, पण सुंदरा हे जिचे नाव ती बाई कुठे होती? "माहेरी गेली, एडवणला," तो म्हणाला. "फोन उचलत नाय." बायको माहेरी गेली म्हणून सांगणारे नवरे आम्ही भरपूर पाहिलेले असतात. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय डायरी बंद करता येत नाही. त्याला जीपमध्ये घेतले आणि एडवणचा रस्ता धरला.

वाटेत मी विचारले, "एवढी छळते तर विकत का नाही?"

"तिचं नाव हाय, साहेब, कशी विकू?" तो खिडकीबाहेर बघत म्हणाला. "लग्नात आईनं नाव बदललं. ताटात तांदूळ पसरून अंगठीनं नवीन नाव लिहायचं असतं ना, ते मीच लिवलं. मला सुंदराच आवडायचं, पन बोलणार कुणाला? पंचवीस वर्सं ते नाव कोणी घेतलं नाय. मी बी नाय. आमच्यात बायकोला नावानं कोण बोलावतो? ऐकलंत काय, अगं, बस. गाडी आली तवा वाटलं, हिच्यावर लिवू. दिवसातनं दहा वेळा तरी तोंडात येईल."

"हे बायकोला सांगितलेत?"

"तिला कळत असंल की."

बोलता बोलता एडवण आले.

बाई भावाच्या ओटीवर सुपाऱ्या सोलत बसल्या होत्या. धडधाकट. पोलिसांच्या जीपमधून नवरा उतरताना पाहिला मात्र, सुपल्यातल्या सुपाऱ्या घरंगळल्या. चार दिवसांचा अबोला विसरून त्या धावत आल्या. "काय केलं यांनी? साहेब, हे नाय तसले. यांना सोडा!" मी शांतपणे सगळा प्रकार सांगितला. मुंडीपाशी आलो तेव्हा भीती गेली आणि चार दिवसांचा राग जागेवर परत आला.

"परत खोलली? माज्या पाठीमागं?"

"तू येयाच्या आदी चालू करून ठेवणार होतो," नवरा म्हणाला. "गाडी बंद पडली म्हणून रागावलीस ना तू?"

"गाडी बंद पडली म्हणून?" बाईंचे डोळे भरून आले. त्या त्याच्याकडे नाही, माझ्याकडे वळल्या. "साहेब, गुरवारी केळव्याच्या नाक्यावर गाडी बसली. मी आत बसलेली. गावातले, रिक्षावाले, सगळे जमले. 'सुंदराला धक्का मारा! सुंदरा पेटत नाय! सुंदरा म्हातारी झाली!' जो तो हसतो. माज्या आयबापानं ठेवलेलं नाव ते. गाडीला एवढ्यासाठीच दिलं का, मला चिडवायला?"

नवऱ्याला हे सुचलेच नव्हते. आपल्या तोंडी यावे म्हणून त्याने ते नाव गाडीवर लिहिले, आणि ते गावाच्या तोंडी गेले. बिघाड एकीकडे होता आणि हा बिचारा चार दिवस भलतेच खोलून बसला होता. अर्थात मी त्याला काय हसणार? मीही सकाळपासून तेच करत होतो.

पोलिसाने नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये म्हणतात. पण मी पडलो. जीपमध्ये त्याने जे सांगितले होते ते, तांदळाच्या ताटासकट, मी त्या बाईंना सांगितले. त्याला ते सात जन्मांत सांगता आले नसते. बाई ऐकत राहिल्या. मग पदराने डोळे पुसून म्हणाल्या, "हे मला नाय सांगायचं, पोलिसाला सांगायचं?"

त्यांचा जबाब घेणे भाग होते. नावाच्या जागी मी लग्नानंतरचे नाव लिहिले आणि पुढे 'उर्फ सुंदरा' असे लिहिले. तोवर माझ्या हातून 'उर्फ' फक्त चोर-लुटारूंच्याच नावापुढे पडले होते. सहीला कागद पुढे केला तेव्हा त्यांनी विचारले, "कुठलं लिवू?"

"तुमचे असेल ते लिहा."

त्यांनी सावकाश, शाळेतल्या वळणात लिहिले: सुंदरा. मग कागद माझ्याकडे देऊन नवऱ्याला म्हणाल्या, "आदी त्या काचेवरचं पुसा. आनि मला घरी न्यायचं असंल तर नावानं हाक मारा. इथंच. सगळ्यांच्या समोर."

बिचाऱ्याची अवस्था बघवत नव्हती. समोर मेहुणा, मागे पोलीस, कुंपणावर अर्धी आळी. त्याने घसा खाकरला. काही आवाज आला नाही. पुन्हा खाकरला, 'सु' एवढेच झाले आणि बंद पडले. हवालदार हळूच म्हणाला, "मारा अजून एक स्टार्टर." तिसऱ्या खेपेला नाव लागले. "सुंदरा," तो म्हणाला, "चल घरी." बाई पिशवी आणायला आत गेल्या, त्या इतक्या लवकर बाहेर आल्या की पिशवी आधीच भरून ठेवलेली असावी.

डायरीत मी 'खबरीत तथ्य आढळले नाही' अशी नोंद घेतली. खबऱ्याला मात्र रागावलो नाही. त्याने ऐकले ते बरोबरच ऐकले होते, अर्थ माझा चुकला होता. तेव्हापासून एक नियम केला: शब्द ज्याचा असेल त्यालाच त्याचा अर्थ आधी विचारायचा, मेस्त्रीला मेस्त्रीचा, नवऱ्याला नवऱ्याचा, आणि मगच जीप काढायची. पिकअप अजून त्यांच्याकडेच आहे असे कळते. काच कोरी आहे. ती अजूनही बंद पडते, आणि बाई आता खाली उतरून स्वतः धक्का मारतात.

त्या दिवशी घरी पोचलो तेव्हा चपला काढता काढता एक गोष्ट लक्षात आली. आमच्या लग्नातही तांदळाचे ताट होते, आणि अंगठी माझ्याच हातात होती. बायको आत भाकऱ्या करत होती. मी दारात उभा राहिलो, घसा खाकरला आणि तिला तिच्या माहेरच्या नावाने हाक मारली.

भाकरीची थापथाप थांबली. मग आतून आवाज आला, "का हो? काय बिघडलंय?"