कासमभाऊंनी खरवडलेली भिंत

कासमभाऊ गेल्याचा फोन आला तेव्हा मी ऊर्जानगरच्या वीज केंद्रात ड्युटीवर निघालो होतो. त्यांचा मुलगा इरफान एवढंच म्हणाला, "अब्बा गेले..." मी तसाच चंद्रपूरला त्यांच्या घरी गेलो. आज तीन आठवडे झाले. लोक त्यांना हट्टी म्हणतात. होतेच ते, आणि मला त्याचा अभिमान आहे.

आमच्या कॉलनीत डागडुजीला येणारा हा गवंडी कधी माझा मित्र झाला, कळलंच नाही. गेल्या हिवाळ्यात डॉक्टरांनी त्यांची छाती तपासून घराबाहेर पडायचं नाही म्हणून बजावलं. त्याच आठवड्यात ते मला म्हणाले, "नागपूरचं जुनं मोठं चर्च पाहाले चाल. इंग्रजाच्या राज्यात माह्या आज्यानं तिथी चुना लावला." इरफान चिडला. मोहल्ल्यातल्या एकानं विचारलं, मुसलमानाचं चर्चमध्ये काय काम? "गवंड्याचं काम भिंतीत राह्यते," भाऊ म्हणाले आणि मफलर गुंडाळून माझ्याबरोबर एसटीत बसले.

आत उंच कमानी, रंगीत काचांतून उतरलेला उजेड... मी वर बघत राहिलो. भाऊ मात्र ओल आलेल्या एका भिंतीपाशी थांबले. तिच्यावर सिमेंट थापलं होतं. ते नखानं टोकरू लागले, तसे तिथले फादर लगबगीनं आले.

"काका, काय करून राह्यले?"

"चुन्याच्या भिंतीले सिमेंट लावलं काऊन? तिचा दम कोंडते. आतून सडून जाईन."

फादर हसले नाहीत. "आता चुना मळणारं कोणी मिळत नाही," ते म्हणाले.

"मी हावो ना."

आठ दिवस आम्ही तिथल्याच एका खोलीत राहिलो. खुर्चीवर बसून, दर वाक्याला धापा टाकत, भाऊंनी संतोष नावाच्या मजुराला सिमेंट अलगद खरवडायला आणि बेलफळाचं पाणी घालून चुना मळायला शिकवलं. घरी चला म्हटलं तर म्हणाले, "घरी बसून का करू? मराची वाट पाहू?" शेवटच्या दिवशी ते उठले, संतोषच्या हातातली थापी घेतली आणि हातभर गिलावा स्वतः केला.

परवा इरफानला तिथं घेऊन गेलो. भिंत कोरडी होती. त्यानं भाऊंच्या त्या हातभर गिलाव्यावर हात ठेवला. शेजारची भिंत खरवडत असलेल्या संतोषला त्यानं विचारलं, "किती दिवस टिकन हे?"

संतोषचा हात थांबला नाही. "आज्याचं टिकलं तेवढं," तो म्हणाला. "नाई टिकलं तं मले येऊन बोला, असं सांगून गेले भाऊ."