मामांच्या मागे म्हटलेली शपथ

अख्ख्या चाकण पट्ट्यात जेवणाच्या सुट्टीत हिब्रू शिकणारा माणूस एकच, आणि तो आमच्या कंपनीत इन्स्पेक्शनच्या टेबलावर आहे. जालन्याकडचे, ख्रिस्ती, राहायला चिखलीत. वयामुळे सगळे त्यांना मामा म्हणतात. बायबलचा जुना करार मूळ हिब्रूतून वाचायचा, असं पन्नाशीनंतर त्यांच्या मनाने घेतलं. रिजेक्शनच्या लाल टॅगांच्या पाठीवर उजवीकडून डावीकडे अक्षरं गिरवत बसतात. एकदा त्याच नादात तपासणीचा तक्ता उलट्या बाजूने भरला आणि सुपरवायझरला म्हणाले, "मापं ब... बरोबर हायेत ना? मग झालं तर." कँटीनची चपातीसुद्धा व्हर्नियरने मोजल्याशिवाय खात नाहीत. मराठी बोलताना अडखळतात. हिब्रूत कधी अडखळले नाहीत, निदान आम्हाला तरी ते कळलं नाही.

यंदा चर्चने त्यांना पहिल्यांदाच रविवारचं वाचन दिलं, म्हणजे उपासनेत सगळ्यांसमोर बायबलचा उतारा वाचायचा. मामा हरखले आणि तितकेच घाबरले. महिनाभर डबा बाजूला सारून उतारा मला वाचून दाखवायचे. तेवढ्यात सेफ्टी वीक आला. त्यात रोज सकाळी एकजण माइकवर सुरक्षेची शपथ वाचतो आणि सगळी शिफ्ट त्याच्यामागे ओळ न ओळ म्हणते. मामांनी आपणहून नाव दिलं. मला म्हणाले, "इथं जमलं की रविवारची भीती गेली, भावा."

पहिल्याच ओळीत "श... श... शपथ" झालं. मी पुढच्या रांगेत होतो. मीही तस्संच अडखळून म्हटलं. का? कंपनीत नकलाकार म्हणून माझं नाव होतं, दुसरं काय. मागच्या दोनशे जणांनी माझीच री ओढली. साहेबसुद्धा हसले. मामांनी शपथ मध्येच सोडली नाही, प्रत्येक अडखळणं आमच्या तोंडून परत ऐकत शेवटपर्यंत वाचली. रविवारचं वाचन मात्र त्यांनी सोडून दिलं.

आठवड्याने मी, काही झालंच नाही अशा थाटात, विचारलं, "मामा, सध्या कोणता शब्द?"

त्यांनी टॅग पुढे सरकवला. "लाअग. म्हंजे थ... थट्टा करणं. पण साधी न्हाई. अडखळणाऱ्याचं बोलणं त्याच्यापुढं तसंच बोलून दाखवायचं, असा मुळातला अर्थ असावा म्हणतात."

यात टोमणा नव्हता. मामांना टोमणा मारता येतच नाही. नवा शब्द कळल्याचा निव्वळ आनंद होता, आणि मला तोंड लपवायला जागा सापडेना.

"मामा, चुकलो मी."

"अरे, दोनशे जण होते."

"सुरुवात मी केली."

"हाव," मामा म्हणाले. "आवाज ओळखला म्या. इतकं हुबेहूब दुसऱ्या कुणाला जमनार? महिनाभर तूच तर ऐकत होता ना."

गेल्या रविवारी मी चिखलीला त्यांच्या चर्चमध्ये जाऊन मागे बसलो. वाचन कॉलेजातली एक मुलगी करत होती. मामांचं बोट ओळीवरून सरकत होतं, ओठ हलत होते, आवाज नव्हता. बाहेर आल्यावर म्हटलं, "पुढच्या वेळी तुम्ही वाचा, मामा." ते "बघू" म्हणाले आणि इतक्या लांब आलो म्हणून मला आग्रहाने चहा पाजायला घेऊन गेले.