अंगठ्याचा दाब

हे मी आजवर कोणालाही सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय — ते मलाही धड कळत नाही.

आधी सरोजबद्दल सांगते. ती गुरसराय गावची, बुंदेली बोलणारी. झाशीत ओरछा गेटपाशी मावशीकडे राहायची आणि माझ्यासोबत प्रयोगशाळेत संशोधन करायची. आमच्या घरी जेवून जेवून तिला मराठी समजायला लागली होती. बाकी सगळ्या तिच्या दीदी, मी एकटी ताई. घरच्यांनी तिला बजावलं होतं — हा शोधनिबंध छापून आला तर पुढे शीक, नाहीतर लग्न. हे मला तेव्हाही माहीत होतं. आधीच सांगून ठेवते, म्हणजे पुढे मला अंग काढून घेता येणार नाही.

आपल्या कातडीच्या पेशीत आणि स्नायूच्या पेशीत जनुकं तीच असतात. मग एक कातडी का होते आणि दुसरी स्नायू का? सरोज या प्रश्नाच्या मागे हात धुऊन लागली होती. पेशीच्या केंद्रकात जनुकांचे धागे कसेही कोंबलेले नसतात, ज्याची त्याची जागा असते. भिंतीला चिकटलेलं जनुक बहुधा गप्प राहतं, आत आलेलं कामाला लागण्याची शक्यता जास्त. सरोजचं म्हणणं असं, की कोवळी पेशी स्नायू व्हायला लागली की एक ठरावीक जनुक भिंत सोडून आत सरकतं. तिने ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं होतं. कोवळ्या पेशीत त्या जनुकाचा चमकता ठिपका कडेला, तयार पेशीत मध्ये.

आमच्याकडे रीत होती — एकीचं काम बाहेर जाण्याआधी दुसरीने ते पहिल्यापासून करून बघायचं. आमच्या मार्गदर्शक सरांनी ते मला दिलं. माझ्या काचपट्ट्यांवर कोवळ्या पेशींतही ठिपका मध्येच दिसत होता. बैठकीत मी ठणकावून सांगितलं, काही सरकत-बिरकत नाही. सरोजने वाद घातला नाही.

"ताई ने देखो है तो ठीकई देखो हुइए," ताईने पाहिलंय म्हणजे बरोबरच असणार, एवढंच म्हणाली. सरांनी निबंध थांबवला.

इथवर चूकच होती. चूक कोणाची होत नाही?

मला टापटिपीची भारी हौस. काचपट्टीवर पेशी ठेवून वर पातळ काच बसवली, की मी ती अंगठ्याने हलकेच दाबायची. सगळं एका पातळीत यायचं, चित्र कसं स्वच्छ दिसायचं. माझ्या चित्रांचं कौतुक व्हायचं आणि मी त्यावर फुगायची.

त्याच आठवड्यात विळीवर भोपळा चिरताना माझा अंगठा कापला. पट्टी बांधून कामावर गेले. सरोजच्या कोवळ्या पेशी उरल्या होत्या, त्यांची एक काचपट्टी केली — दाबायला अंगठाच नव्हता. डोळा लावला. ठिपका कडेला. पुढची पेशी बघितली, तिथेही कडेला. केंद्रक गोल असतं हो, चेंडूसारखं. वरून दाबलं की ते भाकरीसारखं थापलं जातं, वर-खाली काही कळत नाही, आणि छताला चिकटलेला ठिपका वरून बघणाऱ्याला मधोमध दिसतो. त्याने भिंत सोडलेलीच नसते.

आणि नेमकी तेव्हा सरोज आत आली. ती गावी परतण्याआधी आपलं टेबल आवरायला आली होती. सूक्ष्मदर्शकाचा दिवा चालू, काचपट्टी भिंगाखाली तशीच. मी उठून मध्ये उभी राहिले.

"ताई, एक बेर और देख लेवें? संगे बैठ कें?"

ती वाकली असती तरी पुरे होतं. समोरच्या खोलीत सर होते, दार उघडं होतं. फार तर रागावले असते. मी चुकले असं सगळ्यांसमोर म्हणावं लागलं असतं — बस, तेवढंच. तेवढंही मला झेपलं नाही.

"कितनी बार देखेगी, सरोज? अब छोड़ दे," मी म्हणाले. तेही चिडून.

तिने मान हलवली, पिशवी उचलली आणि गेली. मी काचपट्टी नळाखाली धुतली. पट्टीतला अंगठा झोंबत होता.

त्या हिवाळ्यात तिचं लग्न झालं. मी प्राध्यापक झाले. काच दाबायची नाही, असं मी विद्यार्थ्यांना दरडावून सांगते, आणि मॅडम शिस्तीच्या आहेत असं ते समजतात.

दर दिवाळीला तिचा फोन येतो. यंदा मुलीबद्दल सांगत होती, तिनेही विज्ञान घेतलंय. सरोजने तिला बजावलंय म्हणे, आपल्या डोळ्यांवर फार भरवसा ठेवू नकोस, आपण बघतो ते ताईसारख्या कुणाकडून तपासून घ्यावं. मी हो म्हणाले. अजून काहीतरी बोललो, मग तिने फोन ठेवला.

सरोजने बरोबर पाहिलं होतं. मला ते कळलं तेव्हा ती माझ्यासमोर उभी होती.